लिलावातला हातोडा

आळेफाट्याला माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. राजुरीचे एक मिस्त्री बारा वर्षांपासून तिथे माझ्याबरोबर काम करतात. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण मला ‘भाऊ’च म्हणतात.

मला मोबाईलवर जुन्या हत्यारांचे लिलाव बघायचा नाद लागला होता. एकदा एक विलायती हातोडा दिसला, दांडा नुसता चकाकत होता. मिस्त्रींना फोटो दाखवला.

“हत्यार हातात धरून घ्यावं, भाऊ,” ते म्हणाले. “फोटूत त्याचा तोल कळतो व्हय?”

मी हसण्यावारी नेलं. कुणा अनोळखी माणसाशी शेवटच्या मिनिटापर्यंत चढाओढ केली आणि बोली जिंकलो.

पार्सल उघडलं तेव्हा मिस्त्री जेवायला गेले होते. दांडा लोखंडात शिरतो तिथे पॉलिश जरा जाडच वाटलं. नखाने खरवडलं, तर आतून लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, निघाली. दांड्याला तडा होता, तो बुजवून वरून रंग फासलेला. विकणाऱ्याला मेसेज केला. ‘माल आहे तसा विकलाय,’ एवढंच उत्तर आलं. नंतर त्याने मला ब्लॉकच केलं.

तो हातोडा तेव्हाच बाजूला टाकायला हवा होता. पण मिस्त्रींसमोर फजिती झाली असती. खरवडलेल्या जागी मी बोटाने पॉलिश लावलं आणि ते आल्यावर म्हणालो, “बघा, आहे की नाही झकास?”

त्यांनी हातात तोलून पाहिला. “लई भारी हाय राव. मी उगं शंका घेत व्हतो.”

“मग वापरा की तुम्हीच.”

चौथ्या दिवशी चौकटीला खाच पाडताना दांडा मोडला. लोखंड सुटून पटाशी धरलेल्या त्यांच्या डाव्या हातावर आदळलं. दोन बोटं चेचली. दवाखान्यात नेताना रुमाल रक्ताने भिजला होता, आणि ते मलाच म्हणत होते, “माझंच चुकलं, भाऊ. तपासून घ्यायला पायजे व्हतं. तुमचा एवढा हौसेचा हातोडा गेला.”

मी गाडी चालवत राहिलो.

त्यानंतर तीन आठवडे मी औषधं, फळं घेऊन राजुरीला जात होतो. त्यांची बायको चहा द्यायची आणि शेजारणीला ऐकवायची, “मालक असावा तर असा.” मी कप अर्धवट ठेवूनच उठायचो. शेवटी एका दुपारी ओट्यावर त्यांच्याजवळ बसलो आणि लांबीचं, पॉलिशचं, सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बँडेज बांधलेला हात उचलून मांडीवर घेतला.

“तवाच सांगायचं ना,” मग म्हणाले. “नवा दांडा घातला असता. अर्ध्या तासाचं काम व्हतं.”

ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता ते पुन्हा कामावर येतात. मधलं बोट वाकत नाही, त्यामुळे पटाशी तळव्यात आवळून धरतात. बोलणं पूर्वीसारखंच आहे. फक्त मी काही हातात दिलं, अगदी साधा स्क्रू ड्रायव्हर जरी, तर दाराशी उजेडात जाऊन ते आधी उलटसुलट बघतात. मी तेवढा वेळ दुसरीकडे पाहतो.