कात्रीने तोडलेले शेजारी

जुन्या टपाल तिकिटांच्या दुनियेत ‘भिंगवाले’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खिडकीशी बसून ते चिमट्याने तिकीट उचलत, भिंगाखाली धरत आणि खरं निघालं तरच मागे पेन्सिलीने बारीक सही करत. त्या सहीसाठी परदेशातले शौकीनही ताटकळत. त्यांच्या धाकट्या बहिणीला मात्र दादाच्या कीर्तीचं काडीचंही कौतुक उरलं नव्हतं.

कारणही तसंच होतं. तिच्या नवऱ्याने जिवापाड जपलेलं एक निळं तिकीट होतं, अगदी पहिल्या छपाईचं. त्या काळी तिकिटं फाडून घ्यायला मध्ये भोकांची ओळ नसे, म्हणून कडेला दातेही नसत. कारकून मोठ्या तावातून कात्रीने कापून देई. पुढे दाते आले, आणि लबाड लोक ते छाटून नवं तिकीट जुनं म्हणून खपवू लागले. नवऱ्याच्या तिकिटाची उजवी कड तिरपी, पार चौकटीत घुसलेली. शौकिनांच्या मंडळात कुणीतरी म्हणालं, "छाटलंय." झालं! नाकासमोर चालणारा माणूस लबाड ठरला आणि तो डाग घेऊनच गेला.

ती तिकीट घेऊन दादाकडे गेली. "खरं आहे, एवढं लिही. बाकी काही नको मला."

दादाने दिवसभर पाहिलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला.

"सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा?"

"सही बहिणीसाठी नसते गं."

तिने तिकीट उचललं आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं.

वर्षं गेली. एका दुपारी म्हातारा दादा धापा टाकत तिचा जिना चढून आला. "तुझं तिकीट काढ. आणि हे बघ, परक्याचं आहे, परदेशातून तपासायला आलंय."

त्याने काळ्या कागदावर दोन्ही ठेवली आणि भिंग तिच्या हातात दिलं. ती नाइलाजाने वाकली. परक्या तिकिटाच्या डाव्या कडेला शेजारच्या तिकिटाच्या निळ्या चौकटीची बारीक पट्टी चिकटून राहिली होती. दादाने चिमट्याने हलकेच ते सरकवलं. रेघेला रेघ मिळाली. कात्री जिथे अडखळली होती ती खाचसुद्धा जुळली. आणि दोघांमधल्या कोऱ्या कागदावर दात्यांचं एकही भोक नव्हतं!

कुणा कारकुनाने घाईत कात्री चालवली होती. एक तिकीट समुद्रापार गेलं, एक तिच्या कपाटात आलं. ती पत्रं लिहिणारे, वाचणारे, सगळे मातीला मिळाले; पण हा काप मात्र आत्ताच मारल्यासारखा मिटला होता. एवढ्याशा कागदाने एवढं सांभाळून ठेवावं!

"तू इतकी वर्षं हे शोधत होतास?"

"मग? 'माहीत नाही' म्हणालो होतो. 'खोटं आहे' कधी म्हणालो?"

त्याने तिचं तिकीट उलटं केलं आणि सही केली. तिचे डोळे भरून आले तसा तो ओरडला, "अगं, मागे हो! सहीवर पाणी सांडशील!"

ती मागे झाली, आणि मग नवऱ्याच्या फोटोकडे बघत पोटभर रडली.