माझ्या फोल्डरमधला चोर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना माझा चहा आजही घशात अडकतो.

नवा रायपूरमध्ये आमचं ऑफिस. सगळ्यांचे कागद एकाच मोठ्या कम्प्यूटरवर, आणि त्याचा कारभार माझ्याकडे. नवा कम्प्यूटर आला, तशी साऱ्या ऑफिसची खाती उघडायची होती. एकेक कोण उघडत बसेल? एका यादीत नमुना म्हणून पहिली ओळ माझी लिहिली (नाव, पासवर्ड, फोल्डर), तीच खाली ओढली, प्रत्येक ओळीत नाव नि पासवर्ड बदलला आणि सगळी खाती एका झटक्यात उघडली. काय ऐट होती माझी त्या दिवशी.

दुसऱ्याच दिवशी माझ्या फोल्डरमध्ये कुणाच्या तरी नातवाचे फोटो. मग कुठल्याशा पोट्टीचा लग्नाचा बायोडाटा. म्हणजे आत कोणीतरी शिरलं होतं.

मी मूळचाच संशयी. दूधवाला हसला तरी मी माप पुन्हा बघतो. माझा संशय गेला समोरच्या टेबलावरच्या वर्मा भैयावर. खाती एकदम कशी उघडतात, हे त्यानंच मला दोनदा विचारलं होतं. कशाला विचारावं माणसानं?

मी सापळा लावला. वर्माची जगदलपूरला बदली, अशी खोटी ऑर्डर टाइप करून माझ्या फोल्डरमध्ये ठेवली. रडत आला की धरायचा.

तो पेढे घेऊन आला.

"भैया, मुँह मीठा करो। घर जा रहे हैं। अम्मा अकेली है उधर।"

"आपको किसने बताया?"

"किसने क्या, पूरा ऑफिस जान रहा है।"

आमच्याकडे बदलीची बातमी ऑर्डरच्या आधीच फिरते, त्यामुळे कोणी शंकाही घेतली नव्हती. तेलीबांध्याची भाड्याची खोली सोडतो म्हणून वर्माचं घरमालकाला सांगूनही झालं होतं.

मी त्याला पेढ्यांसकट आमच्या वरिष्ठांपुढे, वानखडे साहेबांपुढे, उभा केला. "साहेब, हाच चोर. माझ्या फोल्डरमधली ऑर्डर यानं वाचली."

साहेबांनी शांतपणे पेढा तोंडात टाकला. "मी बी वाचली. माह्या खात्यात रोज तुहेच कागद दिसून राहिले. काहून रे, हे खाते उघडले कोनं?"

मी जाऊन पाहिलं. नावं बदलली होती, पासवर्ड बदलले होते, पण फोल्डर प्रत्येक ओळीत माझाच राहिला होता. सारं ऑफिस माझ्या घरात येऊन बसत होतं, आणि दार मीच उघडं ठेवलं होतं.

ऑर्डरही खोटी, मीच टाइप केलेली, हे मग सांगावंच लागलं. वर्माच्या हातातला पेढा हातातच राहिला. मला फार वाईट वाटलं.

"जगदलपूरच्या ऑफिसाले कम्प्यूटरवाला पायजेच होता," साहेब म्हणाले. "तू जाय."

गेलो. वर्मा भला माणूस. तिथल्या आईच्या घरातली एक खोली त्यानंच मला राहायला दिली, आणि आईला एवढंच सांगितलं की ऑर्डर कुठंतरी अडकली आहे. आता रोज सकाळी अम्मा तांदळाच्या पिठाचा गरम चीला वाढतात आणि विचारतात, "बेटा, तू तो कम्प्यूटर वाला है। पता लगा न, मेरे बेटे का ऑर्डर कौन दबा के बैठा है?"

मी मान खाली घालून चीला खातो आणि म्हणतो, "एक आदमी पर शक है, अम्मा।"