सर लेनर्ड, गटारवाले

आमच्या अप्पर थॉकम गावातली तुंबलेली गटारं गेली चाळीस वर्षं लेनर्ड पॉम्फ्री उपसतोय. हवेलीतले सर ऑब्री पॉम्फ्री निपुत्रिक वारले आणि त्याला वकिलाचं पत्र आलं. भाऊबंदांत आता थोरला तोच, तेव्हा घराण्याची बॅरोनेट ही पदवी त्याची. हवेली, जमीन कधीच विकली गेली होती, उरलं होतं फक्त नावापुढचं 'सर'. लेनला तेवढं पुरे. दुसऱ्याच दिवशी त्याने गाडीवर 'सर लेनर्ड, गटारवाले' असं रंगवून घेतलं.

माझ्या पबात आठवडाभर नुसता धिंगाणा. "सरसाहेब, तेवढी आमची मोरी बघता का?" असं कुणी म्हटलं की हा उठून झोकात मान तुकवायचा. मीही त्याला फुकट बिअर पाजली, मूर्खासारखी. विमा कंपनीतला धाकटा भाऊ क्लाइव्ह तेवढा नाक मुरडायचा.

"घराण्याची अब्रू गटारात!"

"तिथून ती माझ्याशिवाय काढणार कोण?" लेन म्हणायचा.

मग वकिलाने त्याचा जन्मदाखला आणि आईबापांच्या लग्नाचा दाखला मागितला. चौऱ्याऐंशी वर्षांची त्याची आई आयव्ही आधी म्हणाली, हरवला. मग म्हणाली, उंदरांनी खाल्ला. लेन सरकारी नक्कल मागवतो म्हणाला, तेव्हा रविवारी भर पबात तिने बिस्किटांचा डबा आपटला.

"घे मेल्या! लग्न ऑक्टोबरातलं, तू जुलैचा."

"मग? नऊ महिने. बरोबर आहे की."

"त्याच वर्षीच्या जुलैचा, गाढवा!"

लग्नाआधी जन्मलेल्याला ही पदवी मिळत नाही, मागाहून आईबाप कितीही बोहल्यावर चढोत. म्हणजे 'सर' झाला क्लाइव्ह! त्याची बिअर नाकातून आली.

"लाजेपायी लपवलं रे इतकी वर्षं," आयव्ही रडायला लागली.

लेन डब्यातला लग्नाचा फोटो बघत होता. नवरीच्या हातात फुलांचा भलामोठा गुच्छ, आणि त्यातून वर आलेली एक इवलीशी मूठ.

"हे कोण?"

"तूच. फुलांत लपवला होता. असं भोकाड पसरलंस, पाद्रीबाबांचं कुणाला काही ऐकू येईना."

लेनने आईला कवेत घेऊन अशी गिरकी मारली, की दोन खुर्च्या आडव्या. मला तर रडू आणि हसू एकदमच आलं.

"काय सर क्लाइव्ह," तो ओरडला, "तुला होतं का रे आईबाबांच्या लग्नाचं बोलावणं?"