फाटा न सोडणाऱ्या दातबाई

दातबाईंना कुणाला काही विचारायचं असलं, की त्या समोरच्याची बोलती बंद होईपर्यंत थांबत. सदाशिव पेठेत त्यांचा दातांचा दवाखाना होता. माझी दाढ कोरत होत्या, माझ्या दोन्ही गालांत कापूस कोंबलेला, आणि तेव्हा म्हणाल्या, "रविवारी कात्रजच्या मागच्या डोंगरात डर्ट बाईक चालवायला येताय तुम्ही. हरकत असेल तर आत्ता सांगा." मी "आँ" केलं. "ठरलं तर मग," म्हणून त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं.

मी शाळेत भूगोल शिकवते. डोंगरांचे प्रकार फळ्यावर काढलेले, पण स्कूटर मंडईच्या पलीकडे कधी नेली नव्हती. शिवाय मी मुळात चिडकी. तरी गेले, कारण साठीला टेकलेली ही बाई खरंच बाईक चालवते का, हे मला बघायचं होतं. चालवत होत्या. एरवी सुती साडी आणि पांढरा कोट. रविवारी गुडघ्यांना ढाली, पायांत घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि करवंदीच्या जाळ्यांतून वर चढणाऱ्या पायवाटेवर सीट सोडून उभ्या राहिलेल्या बाई. मी बघतच राहिले.

दवाखान्यात त्या दिवसभर "तोंड उघडा" म्हणत आणि रानात "तोंड मिटा". धूळ आणि किडे, दोन्ही घशात जातात हे एक कारण. दुसरं म्हणजे मी घाबरले की बडबडते. त्यांची शिकवण थोडक्यात असे. "मॅडम, झाडाकडे बघू नका. झाडाकडे बघाल तर झाडावरच जाल. दोन झाडांच्या मधे बघा." त्यांनी दिलेल्या जुन्या बाईकवर बसून मी पहिले काही रविवार झाडांकडेच बघितलं. पडले की त्या गाडी थांबवून आधी झाडाजवळ जात. "झाडाला लागलं नाहीये," म्हणत, "आता तुमचं बघू." राग यायचा, आणि हसूही यायचं. पण मग त्या खिशातून आवळासुपारी काढून देत, आणि मी पुन्हा गाडीवर बसायला उठेपर्यंत शेजारी बसून राहत. त्यांचं हे बसणं कुणाला सांगितलं तर त्यांना आवडत नसे.

आमच्या टोळीत पाच-सहा जण होते. बाकीचे आयटीतले, सगळे माझ्यापेक्षा तरुण. सगळ्यांना दातबाईंचा एक नियम पाठ होता. रानात वाट फुटली की पुढच्यांपैकी एकानं त्या फाट्यावर थांबायचं, आणि शेवटचा माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय जागा सोडायची नाही. फाट्यावर कुणी नसेल, तर मागच्यानं सरळ जायचं. फाट्यावर बहुतेक त्या स्वतःच थांबत. एकदा लाल मुंग्यांच्या वारुळाजवळ थांबावं लागलं. मुंग्या बुटांत शिरल्या तरी हलल्या नाहीत. मी पोहोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "या, या. मुंग्यांचा नाश्ता आटपलाच होता."

म्हणूनच त्या वैशाखातल्या रविवारी मी फाट्यावर आले आणि तिथे कुणी नव्हतं, तेव्हा मी बिनदिक्कत सरळ गेले. टोळी डावीकडे, वरच्या वाटेला वळली होती. माझी वाट एका कोरड्या नाल्यात उतरली, पुढचं चाक दगडात अडकलं, आणि गाडी माझ्या पायावर आडवी झाली. फोनला रेंज नव्हती. पाय निघेना. हाका मारून घसा बसला, आणि मला खरंच भीती वाटली, की आता आपण इथेच.

दातबाईच शोधत आल्या. आम्ही दोघींनी गाडी उचलली. पाय मोडला नव्हता, नुसता सुजला होता. पाय बाहेर आल्याबरोबर मी भडकले. "अहो, तुम्ही फाटा सोडलात? तुम्ही?"

मी टोमण्याची वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "तुमचं जॅकेट पिवळंच ना?"

"दिसत नाही का?"

"वरच्या वाटेनं पिवळं गेलेलं दिसलं मला. गाडीचा आवाजही आला कुठून तरी. वाटलं, तुम्ही मधनंच वर चढलात."

आम्ही हळूहळू फाट्यावर गेलो. वरच्या अंगाला एक बहावा फुलला होता, अंगभर पिवळाजर्द. त्या त्याच्याकडे चालत गेल्या. फुलांचे घोस नाकाशी येईपर्यंत जवळ गेल्या, आणि मग हातानं चाचपून बघितलं. तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांच्या डोळ्यांमागचा पडदा झिजत चालला होता. मधलं पुसट, कडेचं तेवढं दिसायचं. त्यांना वर्षभर संशय होता, पण तपासून घेतलं नव्हतं. सगळ्यांना सावधगिरी शिकवणारी बाई स्वतःच्या बाबतीत अशी वागली, याचा मला अजून राग येतो. त्या सोमवारी तपासणी झाली, आणि परत भरून येणारं दुखणं नाही हे कळलं. त्यांनी बाईक विकली. आम्ही म्हटलं, अहो, सोप्या वाटेनं जाऊ, तुम्हाला मधे ठेवू. "एकदा चुकले तेव्हा तुमचा पाय सुजला," त्या मला म्हणाल्या. "पुन्हा चुकून बघायचं नाही मला." पुढे दवाखानाही बंद करून त्या नाशिकला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या.

त्या जायच्या आधी मी दवाखान्यात गेले होते. माझी एक दाढ भरायची राहिली होती. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरचं नाव सुचवलं. मी ऐकलं नाही, हट्टानं खुर्चीत जाऊन बसले. "दुसऱ्या कुणाच्या हातात मी तोंड देणार नाही," म्हटलं, आणि आ करून बसले. त्यांनी दिवा ओढला, जाड भिंगांचा चष्मा चढवला, छोटा आरसा आत घातला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. बराच वेळ वाकून राहिल्या. मग आरसा ट्रेमध्ये ठेवून म्हणाल्या, "नाही हो दिसत मला."

इतकं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. तोंड मिटायचंही मला सुचेना. तशीच, आ वासून, रडायला लागले. दातबाईंनी टिश्यूचा डबा माझ्यापुढे धरला, आणि मग पहिला टिश्यू त्यांनी स्वतःच घेतला.