दिवेवाल्याने आत जायला हवं होतं

परवा फोनवर तुमच्यातली धाकटी म्हणाली, "आजी, एका पुस्तकाचा दुसरा भाग घ्यावा की नाही ते ठरवायला मी लोकांची मतं वाचत बसले होते. इतकी वाचली, की आता पुस्तकच नको वाटतंय." कसलं पुस्तक, विचारलं तर म्हणाली, बुटक्यांचं. ह्या भागात बुटकेच नायक आहेत आणि निम्म्या लोकांना तेच आवडलेलं नाही.

मी म्हटलं, बुटक्यांच्या दुसऱ्या भागावरून मीसुद्धा एकदा भांडले आहे. ती हसली. मग तिच्याकडे कोणी दार वाजवलं आणि फोन ठेवावा लागला. राहिलेलं इथे लिहिते. क्रमाने लिहिते, कारण मला क्रमानेच लिहिता येतं.

साठ सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं आम्ही तलासरीला काढली. तुमचे आजोबा कचेरीत अव्वल कारकून होते. तुमच्या बाबांचा जन्म अजून व्हायचा होता. मी पुण्याला इंटरपर्यंत शिकले होते. इंग्रजी वाचायची सवय लागलेली, आणि ती सवय घेऊन मी अशा गावी आले होते जिथे त्या सवयीचा कोणालाच उपयोग नव्हता. सकाळी दहाला आजोबा कचेरीत जात. महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर असत. शेजारी कंपाउंडरचं गुजराती कुटुंब होतं. बाई प्रेमळ, पण घर मुलांनी भरलेलं, त्यामुळे आमचं बोलणं दुधापासून सुरू होऊन दुधापाशीच संपायचं. सायवनकडच्या पाड्यांवरच्या बाया भाजी घेऊन दारात येत. त्यांचं बोलणं मला निम्मं कळे, माझं त्यांना निम्मं. त्या आपसात हसत, मलाही हसू येई. त्या गेल्या, की पुन्हा मी आणि मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज.

माझी करमणूक शनिवारची. शनिवारी आजोबा कचेरीच्या कामाने एस.टी.ने डहाणूला जात आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने परत येत. येताना स्टेशनजवळच्या वाचनालयातून माझ्यासाठी इंग्रजी पुस्तक आणत.

हे वाचनालय एक निवृत्त मास्तर चालवत. एक खोली, दोन कपाटं, तीन बाकं. बदली होऊन गेलेल्या साहेबलोकांनी मागे टाकलेली पुस्तकं हाच त्यांचा इंग्रजी विभाग. मास्तरांचा एक नियम होता. पुस्तक परत करताना अभिप्राय सांगायचा, तोही बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. "न चावता गिळणाऱ्याला दुसरा घास नाही," असं ते म्हणत. बाकांवर बायका बसत नसत. कोणी मनाई केली नव्हती. बसत नसत, एवढंच.

पहिल्याच वेळी मास्तरांनी "अभिप्राय?" म्हटल्यावर आजोबा गडबडले. मी जेवताना जे काही बोलले होते ते त्यांनी जसंच्या तसं म्हणून टाकलं. मास्तर खूश झाले. "कचेरीतला माणूस आणि एवढं बारीक वाचन!" म्हणाले. मग "हे माझ्या बायकोचं" असं सांगायची वेळ निघून गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी रात्रीच्या जेवणात मी मत सांगायचे आणि आजोबा पाठ करायचे.

असंच एकदा त्या बुटक्यांचं पुस्तक आलं. पहिल्या भागात एक उंच, देखणा राजपुत्र राक्षसांशी लढतो आणि बुटके त्याची तलवार घडवतात, सामान वाहतात, अधूनमधून पडून लोकांना हसवतात. दुसऱ्या भागात राजपुत्र जवळजवळ नाहीच. लढाई जिंकल्यावर तो बुटक्यांचा डोंगर आपल्या सेनापतीला बक्षीस देऊन टाकतो, आणि बुटके बायकापोरांसह दुसरा डोंगर शोधायला निघतात. पुस्तकभर ते चालत असतात. त्यांच्यात एक लंगडा दिवेवाला आहे. शेवटी डोंगर सापडतो, सगळे आत शिरतात, पण दिवेवाला दाराबाहेर थांबतो. मागे राहिलेले अजून वाटेवर आहेत, त्यांना दिवा दिसला पाहिजे म्हणून. आतून गाण्याचा आवाज येतो, बाहेर बर्फ पडत असतं, आणि पुस्तक संपतं.

शेवटचं पान मिटलं. मग उठून कंदिलाची काच राखेने पुसली. शनिवारी शेवटच्या गाडीच्या वेळेला मी तो ओटीवर टांगत असे. फाट्यापासून घरापर्यंत अंधार असायचा.

शुक्रवारी मी सांगितलं, "म्हणावं, दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे. पहिल्यात ज्यांनी ओझी वाहिली त्यांचीच ही गोष्ट आहे. आणि खरा नायक दिवेवाला. बाकीचे घर मिळेपर्यंत चालले, तो घर मिळाल्यावरही थांबला."

"ओझी वाहिली, दिवेवाला थांबला," आजोबा भात कालवत म्हणाले. "आणि बुटके म्हणजे किती बुटके? कोणी विचारलं तर?"

"तुमच्या कमरेएवढे."

"मग ठीक आहे. मोजायला कोणी जाणार नाही."

शनिवारी ते आले ते चप्पल काढायच्या आधीच बोलू लागले. "अगं, आज तिथे जुंपलीच! औषधांच्या दुकानवाला म्हणतो, पहिल्या भागाची सर नाही, ह्यात नुसती पायपीट. वकील म्हणतात, नायक घोड्यावर शोभला पाहिजे, बुटक्याला घोड्यावर कोण चढवणार? तर मास्तर म्हणाले, 'वकीलसाहेब, आपल्याला तरी टांग्यात कोण चढवतं?' वकिलांची उंची तुला माहीत नाही. सगळे हसले."

"आणि दिवेवाल्याबद्दल कोणीच नाही बोललं?"

"बोलला ना. स्टेशनवरचा बुकिंग क्लार्क. एरवी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, दिवेवाल्याने आत जायला हवं होतं. तो थांबला ह्यात मोठेपणा त्याचा नाही, लबाडी बाकीच्यांची आहे. जो थांबतो त्याला सगळे थांबू देतात."

मी वाढायची थांबले. "पुढे काय म्हणाला?"

"पुढे एस.टी.ची वेळ झाली."

त्या रात्री मला झोप आली नाही. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदाच मी बोललेल्या एखाद्या वाक्याला कोणीतरी उत्तर दिलं होतं. नुसतं 'हो का' नव्हे, उत्तर. मी आठवडाभर मनात त्या क्लार्कशी बोलत होते. भाकरी थापताना, पाणी भरताना. शुक्रवारी आजोबांना सांगितलं, "म्हणावं, सगळेच आत गेले तर मागून येणारे कुठे जातील?"

शनिवारी उत्तर आलं, "मागून येणाऱ्यांसाठी आळीपाळीने बसता येतं. एकट्यानेच का?"

मी कळवलं, "त्याला कोणी बसवलं नाही. तो आपखुशीने बसला."

उत्तर आलं, "आपखुशीने बसला असं लेखक म्हणतो. त्याला कोणी विचारलं का?"

असं कित्येक शनिवार चाललं. मधे दुसरी पुस्तकं आली, गेली, पण शेवटी गाडी दिवेवाल्यावर यायचीच. आजोबांना तर वाचनालयात 'दिवेवाले' म्हणू लागले. निरोप पोचवताना ते कधी अर्धं वाक्य वाटेत सांडायचे. मग मी चिडायचे, आणि ते म्हणायचे, "अगं, मी माणूस आहे, तारखातं नाही."

एकदा मी म्हटलं, "अहो, त्यांना एखाद्या रविवारी जेवायला बोलवा ना, सहकुटुंब. मला त्यांच्याशी समोरासमोर बोलायचंय."

आजोबांचा चेहरा उतरला. "तो आला की पुस्तकावर माझ्याशी बोलणार. तुझ्यादेखत. मी उघडा पडेन. आणि सोमवारी सगळ्या डहाणूला कळेल."

मी तो विषय तिथेच सोडला. मला त्यांचा राग आला नव्हता. वाचनालयातला तो मान त्यांना आवडायचा, आणि कचेरीत त्यांना मान देणारं फारसं कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण त्या आठवड्यात मी मतही सांगितलं नाही. शुक्रवारी ते दोनदा "मग उद्या काय बोलू?" म्हणाले. मी म्हटलं, "बोला काहीतरी."

त्या शनिवारी ते ओटीवर आले तेच हसत. कंदिलाखाली उभे राहून डोळे पुसत होते इतके हसत होते.

"बुकिंग क्लार्कची बदली झाली. काठेवाडात. उद्या दुपारच्या गाडीने निघतोय. मी तिकीटखिडकीवर निरोप घ्यायला गेलो, तर मला आत बोलावून म्हणतो, 'साहेब, जाता जाता खरं सांगतो. ते पुस्तक मी वाचलेलंच नाही. मला इंग्रजी तिकिटावरचं येतं तेवढंच. घरातून सांगतात ते मी येऊन बोलतो.' मी म्हटलं, अहो, माझंही तेच! दोघं इतके हसलो की बाहेर रांग ओरडायला लागली. म्हणजे बघ, एवढे महिने आम्ही दोघं भांडलो, आणि पुस्तक दोघांनीही उघडलं नाही!"

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "घरातून म्हणजे कोण?"

"त्याची बायको. सुरतेकडची आहे, शिकलेली."

"रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची?"

"राहायची म्हणजे काय, राहतेच. उद्यापर्यंत."

एवढे महिने. मी ज्या माणसाशी बोलत होते ती माझ्यासारखीच बाई होती, आणि तिला भेटायला मला कोणाची आडकाठी नव्हती. एस.टी.चं तिकीट काढून केव्हाही गेले असते. मला फक्त माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघाले. "तू कशाला? मी सांगितलाय निरोप," असं आजोबा म्हणाले, पण माझ्याकडे बघून त्यांनीही सदरा चढवला.

डहाणूच्या फलाटावर चिकूच्या करंड्यांची थप्पी लागली होती. तिच्यापलीकडे ट्रंका, वळकट्या, पितळेचा हंडा आणि त्यावर हात ठेवून बसलेली एक म्हातारी. तिची सून उभी होती. कडेवर मूल, डोक्यावर पदर. माझ्यापेक्षा चांगली उंच. का कोण जाणे, मी तिला ठेंगणी धरून चालले होते.

"तलासरीवाल्या?" तिने विचारलं.

"हो."

तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. मग तिची सासू म्हणाली, "बेसो ना, बेन," आणि एक ट्रंक मोकळी करून दिली. मी बसले. बाळाला खोकला होता, त्याबद्दल बोललो. काठेवाडात पाणी खारं आहे म्हणतात, त्याबद्दल बोललो. धाकटी डहाणू ह्या कोळ्यांच्या गावाहून आणलेल्या सुक्या बोंबलांचा वास शेजारच्या बोचक्यातून येत होता, त्यावर सासूबाई नाक मुरडून बोलल्या. दोन्ही नवरे बाजूला उभे राहून आमच्याकडे अशा कौतुकाने बघत होते, जणू दोन विहिणींची भेट घडवून आणली आहे. पुस्तकाचा शब्दही निघेना. एवढ्या लोकांत, हंड्यापाशी बसून, बुटक्यांची गोष्ट कुठून काढायची?

गाडी आली. सामान चढवता चढवता जो तो ओरडत होता. ती खिडकीशी बसली, बाळ सासूकडे दिलं आणि गजांतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं.

"बेन, मी मत बदललं नाही हं. त्याने आत जायला हवं होतं. अजून मला तेच वाटतं."

"पण मागून येणारे?"

"मागून येणारे येतात बेन. नाहीतर नाही येत. ह्याचे पाय तर गारठले ना!"

मी काहीतरी म्हणाले. शिट्टीत ते मलाच ऐकू आलं नाही. तिने हसून मान हलवली, पटलं नाही अशी. गाडी हलली. पत्ता घ्यायचं दोघींनाही सुचलं नाही, आणि तिला तरी तो कुठे ठाऊक होता?

परतीच्या एस.टी.ला वेळ होता. आजोबा म्हणाले, चहा घेऊ. मी म्हटलं, आधी वाचनालय. रविवार असल्यामुळे बाकं भरलेली होती. मी आत शिरले तशी सगळे थोडे सावरून बसले. मी मास्तरांना सांगितलं, बुटक्यांचा दुसरा भाग पुन्हा हवा आहे. मत नव्हतं म्हणून शनिवारी परत न केलेलं मागचं पुस्तक आजोबांच्या पिशवीतच होतं, ते मी टेबलावर ठेवलं. त्यावर मला एक अक्षरही बोलायचं नव्हतं.

मास्तरांनी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना किती कळलं ते माहीत नाही. पण नियम तो नियम.

"अभिप्राय?" त्यांनी मलाच विचारलं.

मी म्हटलं, "दिवेवाल्याने आत जायला हवं होतं. जो थांबतो त्याला सगळे थांबू देतात."

वकील म्हणाले, "हे तर बुकिंग क्लार्कचं मत!"

"त्यांच्या बायकोचं," मी म्हटलं.

खोलीत त्या मताला उत्तर देणारं कोणी नव्हतंच. उत्तर देणारी मीच होते, आणि मी दुसऱ्या बाजूने उभी होते. मास्तरांनी पुस्तक काढून धूळ झटकली आणि माझ्या हातात दिलं. आजोबांच्या नाही, माझ्या.

एस.टी.त आजोबांनी दोघांची तिकिटं काढली. कैनाडचा फाटा मागे पडला तेव्हा हळूच म्हणाले, "पण तुझं मत तर उलटं होतं ना गं?"

"हो."

"मग?"

"माझं मत सांगायला तुम्ही आहात," मी म्हटलं. "तिचं सांगायला आता तिथे कोणी नाही."

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. त्या दिवशी आम्ही दोघंही बाहेरच होतो, त्यामुळे ओटीवर दिवा नव्हता. आजोबा चाचपडत कुलूप उघडत होते आणि मी पुस्तक छातीशी धरून पायरीखाली उभी होते.