पोरींच्या कोर्टावरची रांगोळी

मंद्रूपच्या स्टँडवर मला सोडायला आई आली तेव्हा ती रडली नाही, मीही नाही. एसटीत पिठाचं गाठोडं, दोन पातेली आणि रांगोळीचा डबा चढवला. आपल्या घरी निम्मं कानडी, निम्मं मराठी. आई म्हणाली, "होगि बा," म्हणजे जाऊन ये. मग खिडकीखाली उभी राहून ओरडली, "कुटं बी ऱ्हा, पर सारवलेलं कोरं ठिवू नगंस!" सारवून रांगोळी घातली नाही तर त्या घरात कुणी गेलं असं समजतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एसटी निघाली तरी तिचं ओरडणं चालूच.

तुम्ही तिघी बहिणी गावातच दिल्या गेलात. मी एकटी बाहेर पडले, म्हणून तुम्हाला सांगते.

सोलापुरात आमच्या मालकांना कॉलेजच्या मैदानावर माळ्याची नोकरी लागली होती. सत्तर सालाच्या पुढची ती वर्षं. राहायला पत्र्याची खोली. दार उघडलं की समोर टेनिसची दोन कोर्टं. अंगण नाहीच. पंधरा दिवस मी तोंड फुगवून बसले.

एक कोर्ट मुलांचं. मुरूम चाळून टाकलेला, वर रूळ फिरवलेला. दुसरं पोरींचं म्हणायचं, पण त्यावर सायकली लागायच्या आणि भेगांतून गवत यायचं. मुलींचा संघ चौघींचा. त्यांची पुढारी पद्मा, भवानी पेठेतल्या तेलुगू विणकराची पोर. मुलं खेळून दमली की उरलेल्या उजेडात या चौघी त्यांच्या कोर्टावर खेळायच्या. मी दारातल्या चुलीवर भाकरी करताना बघायची. पुढं पुढं चेंडू कुठं पडणार ते मला आधीच कळायला लागलं. भाकरीही करपायला लागल्या.

अशात कॉलेजांचे सामने आमच्या मैदानावर ठरले. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडायचा होता, मुलांचा आणि मुलींचाही. खेळाचे सर म्हणाले, "दुसरं कोर्टच नाही, तर मुलींची नावं मागे घ्यावी लागतील." पद्माचं ते शेवटचं वर्ष. ती रॅकेट मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. ते मला बघवलं नाही.

मी मालकांना म्हटलं, "सरांना म्हनावं आठ दिवस द्या. मी करती कोर्ट."

"तुला टेनिसातलं काय कळतंय?"

"जमिनीतलं कळतंय की."

सर हसले, पण हो म्हणाले. त्यांच्याकडे तरी दुसरं काय होतं? आम्ही दोघांनी मुरूम पसरला, पाणी मारलं, धुम्मसानं चोपला, रूळ फिरवला. शेण गवळ्याकडून आणलं. चौघी पोरी ओढण्या कमरेला बांधून सारवायला आल्या. पद्मानं जन्मात शेणाला हात लावला नव्हता.

"वहिनी, वास जातच नाही हो. आता माझं लग्न कसं होणार?"

"त्याला बी सारवाय लाव. मग दोघांचा वास सारखाच."

आठव्या दिवशी सकाळी सर आले आणि जागीच थबकले. कोर्टाच्या मधोमध मी एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढली होती, वर हळदकुंकू.

"अहो बाई, हे काय केलंत? इथं खेळायचंय!"

"सारवलंय न्हवं, सर? कोरं कसं ठिवू? कोन मेलंय का हितं?"

मुलं पोट धरून हसली. सर हसले नाहीत. रांगोळीवर वाकून म्हणाले, "या रेघा कशानं ओढल्या? दोरी धरली होती?"

"हातानंच की."

मुलांच्या कोर्टावर मालकांनी मारलेल्या रेघा सापासारख्या होत्या. सरांनी एकदा तिकडे बघितलं, एकदा इकडे, आणि चुन्याची बादली माझ्यापुढं ठेवली. त्या दिवशी दोन्ही कोर्टांच्या रेघा मी मारल्या. बोटं सोलून निघाली. रांगोळी पुसली, पण मी अट घातली की जाळीच्या खांबापाशी, रेघेबाहेर, एक कमळ राहील. ते राहिलं.

पद्मा जिंकत गेली. शेवटचा सामना मात्र हरली. लपवत नाही, समोरची पोर जास्त चांगली होती. पण विद्यापीठाच्या संघात दोघींनाही घेतलं. संघाबरोबर निघालेल्या पद्माला गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेले, आणि तोंडातून आपोआप निघालं, "होगि बा." तिला कानडी येत नव्हतं. "येते, वहिनी," म्हणाली.

पुढच्या वर्षी मुलं माझ्या दारात. "वहिनी, आमच्या खांबाला पण कमळ काढा की!" आधी हसली होती तीच. थोडा भाव खाल्ला आणि काढलं.

आता मी धाकट्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. सगळीकडे फरशी. तिकडे दोन्ही कोर्टं सिमेंटची झाली. बरंच झालं, शेण कालवायला माझी कंबर कुठं राहिलीय? मंद्रूपला आले की तुम्ही म्हणता, "आली बघा सोलापूरची," आणि विचारता, हितलं घर आठवतं का. आठवतं. पण ते अंगण आईनं सारवलं, ते तिचं. माझं अंगण अठ्ठ्याहत्तर फूट लांब आणि छत्तीस फूट रुंद होतं. मंद्रूपात कुणाचं एवढं असलं तर दाखवा, मी येऊन रांगोळी घालते.