कूलंटच्या टाकीतलं तेल

गाडीतला बिघाड आपल्या डोळ्यांआधी नाकाला कळतो, असं बाबा अभिमानाने सांगायचे. उभा जन्म त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला. निवृत्त होऊन मालवणजवळच्या आमच्या गावी आले आणि त्या इंजिनांवरची सगळी माया त्यांनी एका जुन्या छोट्या गाडीवर आणून ओतली. दर रविवारी बोनेट उघडायचं, ऑइलची, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची आणि फडक्याने पुसण्याआधी नाकाशी धरायची, हा त्यांचा नेम. एखाद्या दिवशी देवपूजा राहील, पण पट्टी हुंगणं राहायचं नाही. मी चिडवायची, "बाबा, नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ पाहिले, नाकाने इंजिन तपासणारे तुम्हीच एक." ते नुसते हसायचे.

मुंबईतल्या माझ्या थोरल्या भावाच्या डोळ्यांत ही गाडी खुपायची. खरं तर गाडी नव्हे, ती चालवणारे सत्तरी ओलांडलेले बाबा. "विका ती आणि रिक्षाने फिरा," हे त्याचं दर फोनला ठरलेलं. गणपतीत तो घरी आला तेव्हा बापलेकांची चांगलीच जुंपली. शेवटी बाबा गणपतीसमोर उभं राहून म्हणाले, "ज्या दिवशी हिचां इंजिन खोलूचां लागात, त्या दिवशी गाडी विकतलंय. मगे परत स्टेअरिंगाक हात लावचंय नाय." गणपतीसमोर दिलेला शब्द आमच्याकडे कोणी फिरवत नाही. भाऊ खुशीत परत गेला. मला मात्र त्या शब्दाची धास्ती बसली. घरात आई, बाबा आणि शाळेत शिकवणारी मी, एवढेच. गाडी गेली तर बाबांचं काय होईल, हे मी बघू शकले नसते.

आणि जानेवारीत ती वेळ आली. बाजारातून येऊन गाडी चांगली निवल्यावर बाबांनी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी. ते दिसेचना. वर नाचण्याच्या आंबिलीसारखा दाट, तेलकट थर आला होता. बाबांनी बोट बुडवून बघितलं आणि गाडीच्या मेस्त्रीला फोन लावला. बाबांनी आपल्या गाडीसाठी दुसऱ्याला बोलावलं म्हणजे काहीतरी गंभीर, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री घरी आला. त्याने टाकीत डोकावून मान हलवली. "काका, हेड गॅस्केट गेलो. तेल पाण्यात मिसळलां. आता इंजिन खोलूचांच लागतलां." इंजिनात तेलाची वाट वेगळी आणि पाण्याची वेगळी. मधलं गॅस्केट फाटलं की दोघांची गाठ पडते, हे त्याने मला समजावलं. त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. शंभरातल्या नव्वद गाड्यांत तेच निघत असणार. परवा गाडी ओढून न्यायला येतो म्हणून तो गेला.

पण बाबांचं समाधान होईना. ऑइलची पट्टी पुन्हा पुन्हा काढून ते उजेडात धरत होते. "तेल कमी झालांच नाय, मगे पाण्यात इलां खंयसून?" असं स्वतःशीच चाललं होतं. पट्टीवरचं तेल स्वच्छ, खुणेपर्यंत भरलेलं. मागून पांढरा धूर नाही, इंजिन तापत नाही. मग त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकीतला तो गढूळ द्रव काढून घेतला, नाकाशी धरला, दोन-तीनदा दीर्घ श्वास घेतला आणि ठामपणे म्हणाले, "इंजिनाच्या तेलाचो वास नाय हेका." मला ते ऐकून वाईट वाटलं. बुडत्याला काडीचा आधार, असं मी मनात म्हटलं. बरणी पडवीच्या कठड्यावर ठेवून ते आत गेले. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला तो मी उचललाच नाही.

त्या रात्री आमच्या किनाऱ्यावर क्वचित पडते तशी थंडी पडली. सकाळी आई डोक्याला लावायच्या तेलाची बाटली उन्हात ठेवायला पडवीत आली. थंडीत खोबरेल थिजतं, म्हणून हे तिचं त्या दिवसांतलं ठरलेलं काम. कठड्यावरची बरणी बघून ती बाबांवर वैतागली. "ह्यां खोबरेल तुमी लोणच्याच्या बरणयेत कशाक काढलात?"

मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी होते. बरणीत खाली हिरवं पाणी आणि वर पांढराशुभ्र, थिजलेला थर. शेजारी तिची बाटली, तीही तशीच पांढरी. इंजिनाचं तेल आमच्याकडच्या थंडीत कधी असं थिजत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी बरणीचं झाकण उघडलं आणि घाण्यावरच्या खोबरेलाचा खमंग वास आला. चोर सोडून संन्याशाला सुळी देणार होतो आम्ही! गॅस्केट बिचारं जागच्या जागी होतं.

गाडीत खोबरेल शिरलं कसं, याचा उलगडा आईनेच केला. दिवाळीआधी आमच्याच नारळांचं खोबरं घाण्यावर देऊन तिने वर्षाचं तेल काढून आणलं होतं. आमच्याकडे रिकामा कॅन कोणी टाकून देत नाही. कूलंटचा रिकामा कॅन तिने धुऊन, उन्हात वाळवून त्यात जादाचं तेल भरलं आणि पडवीतल्या फळीवर ठेवलं. त्याच फळीवर बाबांचं गाडीचं सामान असायचं. दिवाळीत टाकीतलं पाणी उतरलेलं बघून बाबांनी तिन्हीसांजेला तो कॅन उचलला, नरसाळं लावलं आणि ओतलं. इतकी वर्षं तसल्या कॅनमध्ये कूलंटच असायचं.

मी आनंदाने अक्षरशः ओरडले. इंजिन शाबूत, शब्द शाबूत, गाडी घरात! टाकी आणि नळ्या धुऊन काढायच्या, तेलाने फुगलेले रबरी पाइप बदलायचे, की झालं. भावाला आत्ताच फोन लावते म्हणून मी वळले, तर बाबा बरणी नाकाशी धरून खुर्चीत बसले होते. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. मग आईची बाटली उचलून तिचाही वास घेतला.

"माका कसलोच वास येणा नाय," ते म्हणाले.

काल बरणीला इंजिनाच्या तेलाचा वास नव्हता, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण त्यांना खोबरेलाचाही आला नव्हता. माझा आनंद जागच्या जागी विरला. मागच्या वर्षी त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. तेव्हापासून ते जेवताना कुरकुरायचे, कालवणाला चव नाही, मसाला शिळा, मासे शिळे. पट्टी मात्र दर रविवारी हुंगत होते. कळत होतं तरी हुंगत होते की खरंच कळलं नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आई दारातच खाली बसली. "आणि मी वरीसभर समाजतंय, माझोच हात बिघाडलो," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. वर्षभर ती रोज थोडा जास्त मसाला, थोडं जास्त तिरफळ घालत होती. बाबांनी तिची बाटली हळूच खाली ठेवली. एवढं ओशाळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी बांगड्याचं कालवण होतं. बाबा मन लावून जेवले आणि म्हणाले, "आज तिरफळां बरी लागली हां." आईने माझ्याकडे बघितलं. सकाळच्या गडबडीत ती तिरफळ घालायचंच विसरली होती. "होय? वाढू आणखी?" एवढंच ती म्हणाली.

गाडी आठवड्याभरात धावायला लागली. भाऊ अजून कुरकुरतो, पण शब्द शब्दच असतो. कालवणाच्या बाबतीत बाबा आता बेधडक खोटं बोलतात, रोज वेगळ्या चवीचं कौतुक करतात. इंजिनाशी मात्र त्यांना खोटं बोलता येत नाही. दर रविवारी ते बोनेट उघडतात, पट्टी बाहेर काढतात, सवयीने स्वतःच्या नाकापर्यंत नेतात, मध्येच थांबतात आणि माझ्यापुढे धरतात.

"बघ गो, कसलो वास येता?"